मुलुंडला न उतरता

मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा येणारा चिंतेचा पेशंट सहसा रिकाम्या हाताने येत नाही. काखेत फाइल असते. तीन-चार ईसीजी, एक टू-डी इको, पट्ट्यावर चालवून काढलेली स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व्ह, एखादी पोटाची सोनोग्राफी, क्वचित मेंदूचा एमआरआयसुद्धा. प्रत्येक कागदाच्या तळाशी एकच शेरा: नॉर्मल. ठाण्यातले एक ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञ अशी फाइल हातात आली की रिपोर्ट नंतर वाचतात, आधी तारखा बघतात. "पहिला ईसीजी कधीचा आणि माझ्याकडे आले कधी, यातलं अंतर मला सगळं सांगतं. दोन वर्षं, चार वर्षं. एक गृहस्थ अकरा वर्षांनी आले होते," ते म्हणाले.

तपासण्या करूच नयेत असं त्यांचं म्हणणं नाही. थायरॉइड वाढलेलं असलं, रक्त कमी असलं, हृदयाचे ठोके खरोखरच अनियमित पडत असले किंवा साखर उतरली तरी छातीत धडधडतं, हातपाय थरथरतात. तेव्हा एकदा नीट तपासून घ्यायलाच हवं. प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळचा आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की दोन दिवस माणूस खुशीत असतो. तिसऱ्या दिवशी मनात येतं, मशीन बरोबर होतं ना? टेक्निशियन नवा पोरगा होता. मग दुसरी लॅब, दुसरे डॉक्टर, पुन्हा दोन दिवस बरे.

या लेखासाठी डॉक्टर, समुपदेशक, औषध दुकानदार आणि काही पेशंट यांच्याशी बोलताना हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपात पुन्हा पुन्हा समोर येत गेली. चिंतेच्या आजारात लगेच बरं वाटणं आणि बरं होणं या नुसत्या वेगळ्या गोष्टी नाहीत, पुष्कळदा त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. जे केल्याने पाच मिनिटांत हायसं वाटतं, तेच बहुतेक वेळा आजाराला खतपाणी घालत असतं.

ठाण्यात राहणाऱ्या, फोर्टमधल्या एका विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या एक बाई बोलायला तयार झाल्या, नाव छापायचं नाही या अटीवर. वय चाळिशीच्या अलीकडे. घरात नवरा, सासूबाई, नववीतला मुलगा. सकाळच्या फास्ट लोकलने वर्षानुवर्षं जाणं-येणं. एका सोमवारी घाटकोपर सोडल्यावर गाडी सिग्नलला थांबली. डबा खच्चून भरलेला. "आधी वाटलं उकडतंय. मग छाती इतकी धडधडायला लागली की बाजूच्या बाईला ऐकू जात असेल असं वाटलं. बोटांना मुंग्या, तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे सगळं लांब लांब गेल्यासारखं. एकच विचार होता, मी आता इथेच जाणार, आणि मला बाहेर काढतासुद्धा येणार नाही."

दादरला बायकांनी धरून उतरवलं. जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी झाला, रक्त तपासलं, काहीही निघालं नाही. "टेन्शन घेऊ नका, विश्रांती घ्या," असं सांगून झोपेची म्हणून एक गोळी लिहून दिली. घरी सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. हे सगळं प्रेमापोटीच होतं.

त्यानंतर बाईंनी फास्ट गाडी सोडून स्लो धरली. स्लो गाडी दर दोन-चार मिनिटांनी थांबते, जीव घाबरला तर उतरता येतं, हा हिशोब. महिनाभराने जागा ठरली, दाराजवळची. मग पर्समध्ये पाण्याची बाटली, गोळीचं पाकीट आणि कागदावर नवऱ्याचा नंबर, म्हणजे बेशुद्ध पडले तर कुणीतरी फोन करील. आणि मग एके दिवशी ठाण्यानंतरच्या पहिल्याच स्टेशनला, मुलुंडला, त्या उतरल्या. "फलाटावर पाय टेकले आणि पाच मिनिटांत सगळं गेलं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!" त्या आठवड्यात त्या आणखी दोनदा मुलुंडला उतरल्या. काही महिन्यांनी ठाण्याच्या फलाटापर्यंत जाणंही बंद झालं. आधी अर्जित रजा, मग बिनपगारी.

मुलुंडला उतरताना त्यांच्या शरीरात काय झालं हे कळलं की या आजाराची निम्मी वीण उकलते. धोका दिसला की मेंदूचा आत खोलवरचा भाग विचार करणाऱ्या भागाची वाट पाहत नाही. तो ॲड्रेनलिन सोडायला लावतो, ठोके वाढवतो, श्वास जलद करतो, रक्त स्नायूंकडे वळवतो. पळायची ही तयारी असते. गाडीत पळायला जागा नसते. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. माणूस ते ओळखत नाही. तो म्हणतो, हार्ट अटॅक आला. या विचाराने आणखी ॲड्रेनलिन सुटतं, ठोके आणखी वाढतात आणि विचाराला पुरावा मिळतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली हे चक्र मांडलं, आणि पॅनिकवरच्या आजच्या थेरपीचा पाया बऱ्याच अंशी तोच आहे. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग आपोआप उतरायला लागतो. शरीर त्या गतीने फार वेळ चालूच शकत नाही. म्हणजे बाई मुलुंडला उतरल्या नसत्या, तरी भांडुप-कांजूरपर्यंत ती लाट उतरायला लागलीच असती. पण ते त्यांच्या मेंदूला कधी कळलं नाही. त्याने नोंद केली ती एवढीच: मुलुंडला उतरले म्हणून वाचले.

सगळ्यांची चिंता अशी झटक्यांची नसते. काहींची चोवीस तास मंद आचेवर चालू असते. मुलाचा अभ्यास, नवऱ्याची नोकरी, गावाकडच्या आईचे गुडघे, गॅस बंद केला का. विषय बदलतात, काळजी तीच. असं सहा महिन्यांहून जास्त चाललं, झोप, लक्ष, मान-खांदे सगळ्यावर परिणाम झाला, तर डॉक्टर त्याला व्यापक चिंताविकार म्हणतात. काहींना चार लोकांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. हुशार पोरं तोंडी परीक्षेला आणि मुलाखतीला गळतात ती पुष्कळदा यामुळे. 'लॅन्सेट सायकिॲट्री'त आलेल्या अभ्यासानुसार २०१७ साली भारतात सुमारे ४ कोटी ४९ लाख लोकांना कुठला ना कुठला चिंताविकार होता. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारच न मिळालेल्यांचं प्रमाण विकारानुसार ७० ते ९२ टक्के निघालं. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार निराळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

आता बाईंना हॉस्पिटलात झोपेची म्हणून लिहून दिलेल्या त्या गोळीबद्दल. 

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात औषधांच्या डब्यात एक छोटं पाकीट असतं. पॉइंट टू फाइव्ह किंवा पॉइंट फाइव्ह मिलिग्रॅमच्या गोळ्यांचं. आजोबा रात्री अर्धी घेतात, आई लग्नकार्याच्या गडबडीत अर्धी घेते, मुलीला परीक्षेच्या आदल्या रात्री झोप लागत नाही म्हणून आई तिला त्यातलीच पाव देते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही सगळी एकाच घराण्यातली, बेन्झोडायझेपीन वर्गातली औषधं. रोश कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या कामातून १९६० साली लिब्रियम बाजारात आलं आणि १९६३ साली व्हॅलियम. त्याआधी वापरात असलेल्या बार्बिट्युरेट गोळ्यांचा डोस थोडा चुकला तरी माणूस दगावत असे, त्यामानाने ही औषधं खरोखरच मोठी प्रगती होती. व्हॅलियम पुढे अमेरिकेत वर्षानुवर्षं सर्वांत जास्त लिहून दिलं जाणारं औषध ठरलं. मेंदूला शांत करणाऱ्या गॅबा या रसायनाचं काम या वर्गातली औषधं वाढवतात, अर्ध्या-पाऊण तासात असर दिसतो.

आणि नेमका तोच त्यांचा दोष. ही गोळी सावकारासारखी आहे: कागदपत्रं न मागता पैसे लगेच हातात, व्याजाचं नंतर बघू. काही आठवडे रोज घेतली की शरीर तिला सरावतं, अर्धीने भागत नाही, एक लागते. एक दिवस चुकली तर जी घबराट सुटते ती मूळ आजाराहून वाईट असते, आणि पेशंटला वाटतं, बघा, मला गोळीची किती गरज आहे. म्हाताऱ्या माणसांत तोल जाणं, पडून खुब्याचं हाड मोडणं, विसराळूपणा वाढणं हे वेगळंच. दारूबरोबर घेतली तर जिवावर बेतू शकतं. वर्षानुवर्षं घेणाऱ्याने ती एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून सोडायचीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी करून.

१ मार्च २०१४ पासून या वर्गातली अनेक औषधं 'शेड्यूल एच-वन'मध्ये आहेत. पाकिटावर लाल चौकटीतली सूचना, चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या वहीत, आणि ती वही तीन वर्षं जपायची. डोंबिवलीतल्या एका औषध दुकानदाराने ती वही मला दाखवली. नीट ठेवलेली होती. "चिठ्ठी असते हो," तो म्हणाला, "पण चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची असते. लॅमिनेट करून आणतात लोक. नाही म्हटलं की भांडतात, आणि समोरच्या दुकानात जातात."

याचा अर्थ ही औषधं विष आहेत असा नाही. तीव्र झटक्यांच्या दिवसांत, दुसऱ्या औषधाचा असर सुरू होईपर्यंतचे दोन-चार आठवडे मोजून-मापून दिली तर ती उपयोगाचीच. आपल्याकडे घोटाळा होतो तो हा की पूल म्हणून आणलेली गोळी लोक घर म्हणून वापरायला लागतात, आणि जी गोळी खरोखर दीर्घकाळ घेण्यासाठी बनली आहे तिला मात्र घाबरतात.

ती दुसरी गोळी म्हणजे एसएसआरआय गटातली: एसिटालोप्राम, सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन. मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी. या गोळ्यांशी पेशंटची पहिली भेट बहुधा वाईट होते. एक तर घरी जाऊन मोबाइलवर शोधलं की 'अँटिडिप्रेसंट' असं दिसतं, आणि "मला डिप्रेशन नाहीये, डॉक्टरांनी चुकीचं दिलं" इथूनच सुरुवात होते. दुसरं, पहिल्या आठवड्यात बरं वाटण्याऐवजी मळमळ, जुलाब, झोपेचा विचका आणि उलट थोडी जास्तच अस्वस्थता. ठाण्याचे डॉक्टर म्हणतात, "पाचव्या दिवशी फोन येतो, तुमच्या गोळीने आजार वाढला. तो फोन येणार हे मला माहीत असतं, म्हणून मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो आणि अर्ध्या डोसने सुरू करतो. ज्यांना आधी सांगितलेलं असतं ते टिकतात." असर जाणवायला दोन ते चार आठवडे, पूर्ण दिसायला कधी दोन-तीन महिने. पंचविशीच्या आतल्या मुलांना ही औषधं सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, यावर घरच्यांनी आणि डॉक्टरांनी लक्ष ठेवावं लागतं.

आणखी एक दुष्परिणाम आहे, तो म्हणजे कामेच्छा कमी होणं. पेशंट लाजेने सांगत नाही, डॉक्टर घाईत विचारत नाही, आणि तिसऱ्या महिन्यात गोळी गुपचूप बंद होते. डोस किंवा औषध बदलून यातून वाट काढता येते, पण त्यासाठी तोंड उघडायला हवं.

या गोळ्यांची बेन्झोडायझेपीनसारखी तलफ लागत नाही. पण एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखं होतं, म्हणून याही हळूहळू कमी करतात. बरं वाटायला लागल्यानंतर सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायच्या, हा सर्वसाधारण नियम. बरं वाटलं म्हणजे गोळीचं काम संपलं असं आपण धरून चालतो, आणि इथेच पुष्कळ लोक परत पहिल्या पायरीवर येतात.

बाई शेवटी मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचल्या आणि त्यांना एसिटालोप्राम सुरू झालं. सहाव्या आठवड्यात छातीतली धडधड बरीच निवली, रात्रीची झोप आली. पण लोकल? "लोकलचं नाव काढलं की पोटात गोळा यायचाच. गोळीने आवाज कमी झाला होता, पण मी फलाटावर जात नव्हते." डॉक्टरांनी त्यांना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं.

थेरपी म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे विलक्षण गैरसमज आहेत. बहुतेकांना वाटतं, कुणीतरी शहाणा माणूस समोर बसून चार चांगल्या गोष्टी सांगणार. चार चांगल्या गोष्टी सांगायला आपल्याकडे प्रत्येक घरात एक काका असतात. "मन खंबीर कर" हे वाक्य चिंतेच्या पेशंटने किमान शंभरदा ऐकलेलं असतं, आणि त्याने कुणाचं मन खंबीर झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

चिंतेवरच्या थेरपीचा एक पूर्वज न्यू यॉर्कच्या बागेत सापडतो. पुढे मानसशास्त्रज्ञ झालेले अल्बर्ट एलिस एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची जबर भीती होती. त्यांनी ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं ठरवलं. बाकावर एकटी मुलगी दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची, सबब नाही. त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. हिशोबाने पाहिलं तर सपशेल अपयश. पण कुणी पोलिस बोलावले नाहीत, कुणी थोबाडीत मारली नाही, आणि महिन्याअखेर भीती गेली होती. १९५५ च्या सुमारास एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली; फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी साठच्या दशकात कॉग्निटिव्ह थेरपी उभी केली. महाराष्ट्राचं या परंपरेशी नातं जुनं आहे. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धत इथे आणली, ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने ती मराठीतून घराघरांत नेली, आणि अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकामुळे एलिस हे नाव मराठी वाचकाला चांगलंच परिचित झालं. 

बाईंची थेरपी बोलण्याने सुरू झाली पण बोलण्यावर थांबली नाही. दुसऱ्याच भेटीत सायकॉलॉजिस्टने त्यांना जागच्या जागी धावायला लावलं. मग शहाळ्याच्या नळीतून श्वास घ्यायला, मग फिरत्या खुर्चीत गोल फिरायला. धडधड झाली, गुदमरलं, चक्कर आली, म्हणजे ज्या संवेदनांना त्या भीत होत्या त्या सगळ्या हुकमी तयार झाल्या, खोलीत, फरशीवर, दिवसाढवळ्या. काही झालं नाही. "मी हसायलाच लागले," बाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी मी नोकरी घालवायला निघाले होते?"

मग वही आली. ती त्यांनी मला दाखवली. मुलाच्या गणिताची अर्धी उरलेली, चौकटींची. डाव्या रकान्यात 'काय होईल असं वाटतं', उजव्या रकान्यात 'काय झालं', आणि मध्ये स्टेशनवार भीतीचे आकडे, शून्य ते दहा. पहिली पायरी नुसतं ठाण्याच्या फलाटावर उभं राहून गाड्या जाऊ द्यायच्या. दुसरी, दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीने मुलुंडपर्यंत जाऊन परत. तिसरी, मुलुंडला न उतरता घाटकोपर. नियम एकच: भीती चढत असताना उतरायचं नाही. तिसऱ्या पायरीच्या दिवशीच्या पानावर असं लिहिलं आहे: मुलुंड ७, नाहूर ८, भांडुप ८, कांजूर ८, विक्रोळी ६, घाटकोपर ४. डाव्या रकान्यात 'चक्कर येऊन पडेन, लोक जमतील.' उजवीकडे 'पडले नाही. शेजारच्या बाईने विचारलं, कुठे उतरणार? मी म्हटलं, घाटकोपर. तिने माझी सीट स्वतःसाठी नक्की करून घेतली.'

या वहीतलं एक पान नवऱ्याबद्दलही आहे. ते दर दहा मिनिटांनी फोन करायचे, "ठीक आहेस ना?" सायकॉलॉजिस्टने त्यांना बोलावून हे फोन बंद करायला सांगितलं, तेव्हा ते चांगलेच भडकले. "म्हणजे बायको घाबरलीय आणि मी विचारायचंच नाही?" विचारायचं, पण संध्याकाळी, आणि 'ठीक आहेस ना' नाही, 'आज कुठपर्यंत गेलीस' असं. प्रत्येक फोनने बाईंच्या मेंदूला एकच निरोप जात होता की परिस्थिती धोक्याची आहे, म्हणून तर विचारपूस चाललीय. फोन थांबले. पाण्याची बाटली घरी राहिली, दाराजवळची जागा सुटली. सगळ्यात शेवटी पर्समधलं गोळीचं पाकीट निघालं, जे सात महिन्यांत एकदाही उघडलेलं नव्हतं. ते काढणंच सगळ्यात जड गेलं, असं बाई सांगतात.

गोळी की थेरपी, हा वाद आपल्याकडे पक्षाभिमानाने घातला जातो. प्रत्यक्ष पुरावा जास्त गुंतागुंतीचा आहे. २००८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये चिंताविकार असलेल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांचा अभ्यास आला. सर्ट्रालीन आणि थेरपी दोन्ही मिळालेल्यांपैकी ८०.७ टक्के मुलं लक्षणीय सुधारली, नुसत्या थेरपीने ५९.७, नुसत्या औषधाने ५४.९ आणि खोट्या गोळीने २३.७. दोन्ही एकत्र, हा इथे सरळ विजेता. पण २००० साली डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांनी पॅनिकच्या मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात एक खोच निघाली: उपचार थांबवल्यानंतर ज्यांना इमिप्रामीन या जुन्या औषधाबरोबर थेरपी मिळाली होती, त्यांच्यापेक्षा औषधाविना थेरपी घेतलेल्यांची सुधारणा जास्त टिकली. एक अर्थ असा लागतो की भीतीला तोंड दिल्याचं श्रेय माणूस गोळीला देऊन बसतो, आणि गोळी गेली की धीरही जातो. म्हणून चांगले डॉक्टर गोळी चालू असतानाच ती कठीण कामं करून घेतात आणि डोस कमी करताना तीच कामं पुन्हा करायला लावतात. माझं मत विचाराल तर, सौम्य चिंतेला आधी थेरपी, आणि जिथे झोप, भूक, नोकरी हातची चालली आहे तिथे गोळीला नाही म्हणण्यात कसलंही शौर्य नाही.

सवयींबद्दल लिहायला मी थोडा कचरतो, कारण दिनचर्येचे सल्ले देणाऱ्यांचं आपल्याकडे पीक आलं आहे. तरी दोन-तीन गोष्टी पक्क्या आहेत. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं, तेव्हापासून प्राणायामाला प्रयोगशाळेत मोजण्याचं काम चालू आहे. श्वास सावकाश घेतला, उच्छ्वास लांबवला की ठोके खाली येतात, यात शंका नाही. २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात व्यापक चिंताविकाराच्या पेशंटमध्ये योगवर्गाने ५४ टक्के लोकांना फायदा झाला, थेरपीने ७१ आणि नुसत्या ताणविषयक माहितीवर्गाने ३३. म्हणजे योग कामाचा आहे, थेरपीच्या जोडीला बसण्याइतका अजून नाही. २०२२ च्या दुसऱ्या अभ्यासात सजग ध्यानाचा आठ आठवड्यांचा पद्धतशीर वर्ग एसिटालोप्रामच्या तोडीस तोड ठरला. मात्र तिथे रोज पाऊण तासाचा घरचा अभ्यास होता, मोबाइलवर पाच मिनिटं डोळे मिटणं नव्हतं. आणि झटका आला की घाईघाईने दीर्घ श्वास घ्यायला लागणं, हाही मुलुंडला उतरण्याचाच प्रकार होऊ शकतो. प्राणायाम रोज ठरल्या वेळी करायचा, भीती पळवण्यासाठी नाही.

व्यायामाचा एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. पॅनिकच्या पेशंटला धडधडीचीच भीती असते. रोज अर्धा तास दमेपर्यंत चाललं की हृदय जोरात चालणं ही ओळखीची, निरुपद्रवी गोष्ट होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं म्हणते. ठाण्याच्या तलावपाळीला रोज तीन-चार फेऱ्या घालणाऱ्याचं ते सहज होतं. चहाचंही तसंच. ऑफिसात दिवसभरात सात-आठ कटिंग पिणाऱ्याला आपली थरथर कुठून येते हे कळत नाही. कॅफीनने पॅनिकच्या पेशंटमध्ये झटका येऊ शकतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आणि रात्रीचा 'एक पेग, झोप लागते म्हणून': झोप लागते खरी, पण पहाटे तीनला जाग येते आणि दुसऱ्या दिवशीची चिंता दुप्पट असते.

हे सगळं वाचायला सोपं आहे, मिळायला नाही. २०१९ च्या एका अंदाजानुसार भारतात लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत. ठाणे-पुण्यात निवड करता येते. पण तालुक्याच्या गावी चिंतेचा पेशंट फिजिशियनकडेच जातो आणि तिथे त्याला पाच मिनिटांत मिळू शकते ती तीच अर्धी गोळी. डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही, बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, औषधं मोफत मिळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते, मराठीतही बोलता येतं. समुपदेशकाची पाटी कुणीही लावतो, म्हणून शिक्षण विचारून घ्यावं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे, पण दर आठवड्याच्या थेरपीचं बिल बहुतेक पॉलिसींत बसत नाही, कारण त्यात दवाखान्यात भरती व्हावं लागत नाही. या विषयावर बोलताना बाई खळखळून हसल्या. त्या स्वतः क्लेम विभागात काम करतात.

त्या आता सकाळच्या फास्टने जातात. गेल्या पावसाळ्यात कुर्ल्याला पाणी भरलं, गाडी तासभर उभी राहिली आणि भीती नवावर गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली. तिसऱ्या दिवशी सायकॉलॉजिस्टने वही काढायला लावली आणि पायऱ्या परत सुरू झाल्या, यावेळी महिन्याऐवजी आठवड्यात उरकल्या. एसिटालोप्राम दहावरून पाच मिलिग्रॅमवर आलं आहे. डॉक्टर म्हणतात मार्चपर्यंत चालू ठेवू, मार्चअखेर त्यांच्या ऑफिसात कामाचा डोंगर असतो. बाई म्हणतात मार्चमध्येच बंद करून बघायचंय, गोळीशिवाय मार्च निघतो का ते. यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.